मोटारीची चोरघंटी : वाजते कशी आणि अडवते काय?



२०२४-२५ च्या गळीत हंगामातली, जानेवारीच्या ऐन थंडीतली रात्र. वजनकाट्याच्या मागे, केन यार्डाच्या कुंपणालगत एका सभासदाची जीप उभी होती. उसाच्या दोन ट्रॉल्यांबरोबर ते स्वतः आले होते. नंबर लागायला पहाट होणार म्हणून शेतकरी निवासात जाऊन आडवे झाले. दहाच्या सुमारास जीपचा भोंगा सुरू झाला. पहारेकरी धावत गेला, बॅटरी मारून पाहिलं, कोणी नाही. शेजारून भरलेली ट्रॉली गेली होती, एवढंच. साडेअकराला पुन्हा तोच प्रकार, पुन्हा ट्रॉलीच. दीड वाजता तिसऱ्यांदा भोंगा झाला तेव्हा पहारेकरी जागचा हलला नाही. खरं सांगायचं तर वसाहतीतल्या घरात आम्हीही तो ऐकला आणि ‘आलं परत’ म्हणून कूस बदलली. अर्ध्या मिनिटात आवाज बंद झाला, सर्वांना बरंच वाटलं. सकाळी जीपच्या जागी काचेचा चुरा तेवढा शिल्लक होता.

जीप आजतागायत मिळालेली नाही. विमा फक्त थर्ड पार्टीचा होता, त्यात चोरीची भरपाई मिळत नाही. पतसंस्थेचे हप्ते मात्र चालूच आहेत. सदर सभासद चार दिवसांनी कार्यालयात आले, बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “साडेचार हजार घालून सायरन बसवला होता हो. वाजला का नाही वाजला?”

वाजला. दुखणं तिथंच आहे. त्या दिवसापासून हा विषय सभासदांपुढे नीट मांडावा असे मनात होते. आपल्या कार्यक्षेत्रात आता घरटी मोटारसायकल आहे आणि गावोगाव चारचाकी आहेत. बहुतेकांच्या किल्लीला रिमोट लोंबतो. बटण दाबलं, ‘टुक्’ असा आवाज आला, की गाडी कुलपात गेली असे आपण समजतो. पण त्या एका ‘टुक्’मागे दोन निरनिराळ्या व्यवस्था असतात आणि त्यांची कामं वेगळी आहेत. एक ओरडते, दुसरी अडवते. आपण पहिलीवर पैसे घालतो आणि दुसरीची चौकशीही करत नाही.

विहिरीवरच्या मोटारीचं उदाहरण घेऊ, म्हणजे लवकर उलगडेल. स्टार्टरच्या पेटीत प्रिव्हेंटर असतो. एक फेज गेला की तो मोटार बंद पाडतो. वस्तीवर कोणी जागं असो की झोपलेलं, त्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. समजा त्याऐवजी पेटीवर नुसती घंटा लावली, तर फेज गेल्यावर घंटा वाजेल, पण ती ऐकून कोणी विहिरीवर पोचेपर्यंत मोटार जळून जाईल. गाडीचा सायरन म्हणजे ती घंटा. प्रिव्हेंटरचं काम करणाऱ्या भागाला इमोबिलायझर म्हणतात. त्याच्याकडे पुढे येऊ. आधी घंटा.

ओरडणारी व्यवस्था

बाजारात बसवून मिळणाऱ्या चोरघंटीत मुख्य वस्तू म्हणजे काडेपेटीहून थोडी मोठी अशी एक काळी पेटी. ती डॅशबोर्डच्या आत कुठेतरी बांधलेली असते. तिला बॅटरीचे १२ व्होल्ट कायम मिळतात. तिच्यातून निघालेल्या वायरी दारांच्या खटक्यांकडे, बॉनेटच्या खटक्याकडे, इंडिकेटरकडे, सायरनकडे आणि सेंट्रल लॉककडे जातात. तुम्ही रिमोटचं बटण दाबलं की पेटी पहाऱ्याला बसते. त्यानंतर तिला एकच प्रश्न असतो : माझ्या वायरींपैकी कोणी काही कळवतंय का?

दाराचा खटका तर आपण रोज पाहतो. दार उघडलं की आतला दिवा लागतो, तो त्याच खटक्यानं. चोरघंटी त्याच वायरीवर कान लावून बसते. दिवा लागण्याची वेळ आली आणि रिमोटनं परवानगी दिलेली नाही, म्हणजे दार चोरून उघडलं, असा तिचा साधा हिशेब. बॉनेटचंही तसंच. मात्र पुष्कळ ठिकाणी बसवणारे कारागीर बॉनेटचा खटका लावतच नाहीत, कारण त्यासाठी वेगळी वायर ओढावी लागते.

दार न उघडता काच फोडली तर? त्यासाठी धक्का ओळखणारा सेन्सर असतो. स्वयंपाकघरातला गॅस लायटर ‘खट्ट’ केला की ठिणगी पडते, ती आतल्या स्फटिकावर ठोका बसून वीज तयार होते म्हणून. सेन्सरमध्ये तशाच जातीची पातळ चकती असते. गाडीला हादरा बसला की चकती थोडी वाकते आणि किंचित वीज देते. हादरा जितका मोठा तितकी वीज जास्त. किती वीज आली म्हणजे ओरडायचं हे ठरवण्यासाठी सेन्सरवर एक बारीक स्क्रू असतो. बऱ्यापैकी सेन्सरमध्ये दोन पायऱ्या असतात : हलका धक्का बसला तर एक-दोनदा ‘टुक् टुक्’ आणि जोराचा बसला तर पूर्ण भोंगा.

त्या जीपचं घोडं या स्क्रूपाशीच पेंड खात होतं. मालकांनीच कारागिराला सांगितलं होतं, “चांगला कडक ठेव, बोट लागलं तरी वाजला पाहिजे.” त्यानं स्क्रू शेवटपर्यंत पिळून दिला. गावातल्या अंगणात ते खपून गेलं. पण आपल्या यार्डात रात्रभर भरलेल्या ट्रॉल्या आणि ट्रक फिरत असतात, जमीनच हादरत असते. सेन्सरनं आपलं काम चोख केलं, माणसांना मात्र तो खोटारडा ठरला. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण सारे शाळेत शिकलो आहोत आणि तरी दीड वाजता आम्ही कूस बदलली.

काही महागड्या गाड्यांत याशिवाय माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीचा पहारा असतो. आपला कान फार तर २० हजार कंपनांपर्यंत ऐकतो, हा ध्वनी सुमारे ४० हजार कंपनांचा. गाडीच्या आत तो सोडायचा आणि परत येणारा आवाज ऐकत राहायचं. आत हात गेला, माणूस सरकला, की परतीचा आवाज बदलतो. वटवाघूळ अंधारात उडतं ते याच युक्तीनं. पण काच दोन बोटं उघडी राहिली, वारा शिरला किंवा आरशाला टांगलेलं लिंबू-मिरची हललं तरी हा पहारेकरी बिचकतो. गाडी उचलून नेली तर कळावं म्हणून कलणं ओळखणारा सेन्सरही कुठे कुठे असतो.

सायरन स्वतः अगदी साधा आहे : लहानसा कर्णा, आवाज शंभर डेसिबलच्या वर. तो बसवतात बॉनेटखाली, आणि घाईच्या कामात अशा जागी की चाकाच्या कमानीतून हात घालून त्याची वायर तोडता यावी. चांगल्या सायरनच्या पोटात स्वतःची छोटी बॅटरी असते. मुख्य वायर तोडली तर तो उलट ओरडू लागतो. थोडे पैसे जास्त जातात, पण सायरन घ्यायचाच असेल तर तो घ्यावा, असे आमचे मत आहे. आमच्या समजुतीप्रमाणे त्या रात्री अर्ध्या मिनिटात आवाज थांबला तो वायर तुटल्यामुळे असेल, किंवा पेटीची वाजण्याची मुदतच तेवढी असेल. दोन्ही शक्य आहे. ही मुदत फार नसते, कारण बॅटरी उतरू नये आणि शेजाऱ्यांनी मालकाला धरू नये, हेही पाहावं लागतं.

बॅटरीवरून आठवलं. चोरघंटी झोपत नाही, म्हणून थोडी वीज खातच राहते. गाडी उभी असताना सर्व मिळून ३० मिलिअँपिअर जातात असं धरलं, तर दिवसाला सुमारे पाऊण अँपिअर-तास होतात. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी महिनाभरात जवळजवळ अर्धी उतरते. पोरगं पुण्याला आणि गाडी गोठ्याशेजारी महिनाभर उभी, असा प्रकार असेल तर सेल्फ का मारत नाही याचं उत्तर इथं आहे. आठवड्यातून एकदा गाडी पाच-सहा मैल फिरवून आणावी.

रिमोट आणि चिठ्ठीचा क्रमांक

रिमोट म्हणजे एक लहानसा रेडिओ. आपल्याकडे तो बहुधा ४३३ मेगाहर्ट्झवर बोलतो. सुरुवातीचे रिमोट दर वेळी एकच आकडा पाठवत. चोर शेजारी उभा राहून तो आकडा यंत्रात पकडी, मालक गेल्यावर तोच पुन्हा सोडी आणि दार उघडे. यावर उपाय निघाला तो समजायला आपल्याला सोपा आहे. चिटबॉयने दिलेल्या चिठ्ठीवर क्रमांक असतो. ती एकदा काट्यावर लागली की तीच चिठ्ठी दाखवून दुसरी खेप घालता येत नाही. रिमोटही आता प्रत्येक दाबणीला पुढचा क्रमांक पाठवतो, आणि गाडी वापरलेला क्रमांक घेत नाही. याला रोलिंग कोड म्हणतात. फरक एवढाच की चिठ्ठीवरचा पुढचा क्रमांक कोणीही सांगेल. रिमोट मात्र तो क्रमांक गुप्त आकड्यानं घुसळून पाठवतो. तो गुप्त आकडा फक्त त्या रिमोटला आणि त्या गाडीला ठाऊक. बाहेरच्याला सगळा गोंधळ दिसतो. या पद्धतीतली एक प्रसिद्ध योजना कीलॉक नावाची, १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत तयार झाली आणि १९९५ मध्ये अमेरिकेतील मायक्रोचिप कंपनीने विकत घेतली.

खिशात बटण दाबलं गेलं किंवा नातवानं खेळता खेळता चार-पाच वेळा दाबलं, तर रिमोट पुढे जातो आणि गाडी मागे राहते. म्हणून गाडी थोडे पुढचे क्रमांकही चालवून घेते. कीलॉकमध्ये ही सूट १६ क्रमांकांची आहे. त्याहून पुढे गेल्यास लागोपाठ दोनदा दाबल्यावर गाडी पुन्हा जुळवून घेते. रिमोट एका दाबणीत चालत नाही, दुसऱ्या दाबणीत चालतो, अशी तक्रार कधी कधी येते. त्याचं कारण बरेचदा एवढंच असतं. सेल बदलण्यापूर्वी हे करून पाहावं.

तरीही एक भानगड राहतेच. बाजारात कोणी त्याच लहरींवर नुसता गोंगाट सोडला तर तुमचं ‘कुलूप लाव’ हे सांगणं गाडीला ऐकूच येत नाही. तुम्ही पाठमोरे चालत बटण दाबता, दार उघडंच. यावर शास्त्रीय उपाय नाही, हाताचा आहे : बटण दाबून दाराचा मुठ्या ओढून बघायचा.

अडवणारी व्यवस्था

आता मुख्य गोष्ट. पूर्वी मोटार हँडल मारून सुरू होत असे. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा सेल्फ आला आणि हँडलची मेहनत गेली. पुढे किल्ली फिरवली की सेल्फ, हे सर्वत्र झालं. पण विजेच्या दृष्टीनं किल्ली ही बटणासारखीच : दोन वायरी जोडणारी. ज्याला त्या वायरी सापडल्या त्याला किल्लीची गरज नाही. हिंदी सिनेमात नायक स्टिअरिंगखाली हात घालून गाडी सुरू करतो, ते त्या काळच्या गाडीत खोटं नव्हतं.

मग अशी किल्ली हवी की जी नुसती फिरून भागणार नाही, तिनं ओळखही दिली पाहिजे. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९८६ च्या कॉर्व्हेट गाडीत हे आणलं. किल्लीच्या पात्यावर एक बारीक रेझिस्टन्स बसवला होता. एकूण १५ निरनिराळ्या किमतींचे रेझिस्टन्स, त्यांपैकी कोणता आहे ते गाडी मोजून पाही. जुळला नाही तर सेल्फ आणि इंधन दोन्ही बंद, आणि पुढचा प्रयत्न करायला काही मिनिटं थांबावं लागे. चोराला वेळ नसतो, हे ओळखून केलेली ही युक्ती. पण पंधराच प्रकार, त्यामुळे चिकाटीच्या चोराला तोड सापडण्यासारखी होती.

आजच्या किल्लीचं डोकं जाड प्लास्टिकचं असतं. आपल्याला वाटतं ते पकडायला. प्रत्यक्षात त्यात तांदळाच्या दाण्यापासून नखाएवढी एक चिप बसलेली असते. तिला सेल लागत नाही. रिमोटचा सेल संपला तरी किल्लीनं गाडी सुरू होते ती यामुळे. मग चिप चालते कशावर? आपल्या डीपीवर दोन गुंडाळ्या असतात, त्यांच्यात तारेची जोडणी नसते, तरी एकीतली वीज चुंबकत्वाच्या वाटेनं दुसरीत उतरते. इथंही तसंच आहे. किल्ली घालायच्या भोकाभोवती तारेचं एक कडं असतं. किल्ली फिरवली की त्या कड्यात सेकंदाला सुमारे सव्वा लाख वेळा उलटसुलट होणारी वीज सुरू होते. किल्लीतल्या चिपलाही स्वतःची चिमुकली गुंडाळी आहे. तिच्यात दोन-चार बोटांच्या अंतरावरून वीज उतरते आणि चिप जागी होते.

मग दोघांत संवाद होतो. गडाच्या दरवाज्यावर पहारेकरी परवलीचा शब्द विचारीत असे. पण एकच शब्द रोज असेल तर कोणी तरी ऐकून ठेवणारच. म्हणून गाडी दर वेळी नवा आकडा मनानं काढून विचारते : याचं उत्तर सांग. चिप त्या आकड्यावर आपल्या पोटातल्या गुप्त आकड्यानं ठरलेली गणिती क्रिया करते आणि उत्तर परत पाठवते. गाडीनंही तीच क्रिया केलेली असते. दोन्ही उत्तरं जुळली तर इंजिनाचा कारभार पाहणाऱ्या कॉम्प्युटरला मोकळीक मिळते. आधीचं उत्तर ऐकून उपयोग नाही, कारण प्रश्नच पुन्हा तो येत नाही. हे सारं आपण किल्ली फिरवून हात काढेपर्यंत उरकतं.

उत्तर जुळलं नाही तर कॉम्प्युटर इंजेक्टरला इंधन सोडू देत नाही किंवा ठिणगी पडू देत नाही. काही गाड्यांत सेल्फ फिरतो, इंजिन क्षणभर पेटतं आणि विझतं. बाजारात साध्या दुकानात नुसती पात्याची नक्कल करून घेतलेली किल्ली दार उघडते पण गाडी चालवत नाही, याचं मर्म हे. पुष्कळ सभासद तेव्हा दुकानदारावर चिडतात. दुकानदाराचा दोष नाही. त्या किल्लीत चिप नाही.

या व्यवस्थेला आवाज नाही, दिखाऊपणा नाही. म्हणून बसवणाऱ्यालाही तिचं कौतुक नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. पण कायदे झाले ते तिचेच. जर्मनीत १९९५ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर आला, ऑक्टोबर १९९८ पासून युरोपीय संघातल्या सर्व नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला. कॅनडाने २००७ मध्ये सक्ती केली. नेदरलँड्समधल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९५ ते २००८ या काळाचा हिशेब मांडला, त्यात या एका वस्तूमुळे मोटारचोऱ्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचं दिसलं.

अमेरिकेत मात्र सक्ती नव्हती, आणि तिथं काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. ह्युंदाई आणि किआ या कंपन्यांनी साधारण २०११ ते २०२१ या काळात तिथं विकलेल्या, किल्लीनं सुरू होणाऱ्या बऱ्याच गाड्यांत इमोबिलायझर घातलाच नव्हता. २०२१ मध्ये मिलवॉकी शहरात या गाड्यांच्या चोऱ्यांचा उच्छाद सुरू झाला आणि २०२२ मध्ये त्या कशा चोरायच्या याच्या चित्रफिती मोबाईलवर फिरून तो देशभर पसरला. चोरणारी बरीचशी कोवळी पोरं होती. अपघात झाले, जीव गेले. शेजारच्या कॅनडात याच कंपन्यांच्या गाड्यांना हा उपद्रव नव्हता, कारण कायद्यामुळे तिथल्या गाड्यांत चिप होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपन्यांनी सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी फुकट दुरुस्ती जाहीर केली. त्या दुरुस्तीत दोन गोष्टी होत्या : भोंग्याची मुदत अर्ध्या मिनिटावरून एक मिनिट केली, आणि कुलपात किल्ली असल्याशिवाय गाडी सुरूच होणार नाही अशी व्यवस्था केली. यातली कोणती गोष्ट कामाची, हे सांगायला नको.

बिनकिल्लीच्या, बटणावर सुरू होणाऱ्या गाड्या आता आपल्याकडेही बऱ्याच आल्या आहेत. त्यांची किल्ली खिशातच राहते. गाडी हातभर अंतरापुरती हळू हाक मारते, किल्ली रेडिओवर ओ देते. चोरांनी यातली गोम ओळखली. एक जण गाडीपाशी आणि दुसरा घराच्या दारापाशी यंत्र घेऊन उभा राहतो. गाडीची हाक लांबवर नेऊन घरातल्या किल्लीला ऐकवायची. किल्लीला वाटतं मालक गाडीपाशीच आहे. परवलीचा शब्द फोडावाच लागत नाही. झुरिकच्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर हा प्रयोग करून दाखवला, दहाही उघडली. अलीकडच्या काही किल्ल्या बराच वेळ न हलल्यास आपोआप झोपतात, त्यांना हा धोका कमी. बाकीच्यांनी रात्री किल्ली झाकण घट्ट बसणाऱ्या स्टीलच्या डब्यात ठेवावी. डबा बरोबर आहे की नाही, हे पाहायला शास्त्रज्ञ लागत नाही : किल्ली डब्यात घालून डबा गाडीपाशी न्यावा आणि दार ओढावं. उघडलं तर डबा बदलावा.

आपल्या गाड्यांचं काय?

त्या जीपकडे परत येतो. ती २००६ ची, जुन्या पद्धतीच्या डिझेल पंपाची. किल्लीत चिप नाही, इंजिनाला कॉम्प्युटर नाही. बाजारच्या चोरघंटीबरोबर सेल्फ तोडणारा एक रिले मिळतो, तो त्या पेटीत होता. पण जोडलेलाच नव्हता. आम्ही त्या कारागिराला भेटलो, तेव्हा तो सरळ म्हणाला, “साहेब, रिले जोडला आणि गाडी रस्त्यात बंद पडली, की शिव्या आम्हाला. लोक सायरन मागतात, सायरन देतो.” त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. शिवाय नुसता सेल्फ तोडून जुनं डिझेल इंजिन थांबत नाही, उतारावर ढकललं की सुरू होतं. तिथं डिझेलचा पुरवठाच बंद राहील अशी छुपी जोडणी लागते. आमच्या वाहन विभागातले वायरमन सांगतात की अशा जोडणीचा रिले जाड वायरीचा आणि चांगल्या प्रतीचा हवा, चालत्या गाडीत तो कधीही तुटता कामा नये. इंजिन अचानक बंद पडलं की ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात. मोबाईलवरून इंजिन बंद करणारं जीपीएस यंत्र काहींनी बसवलं आहे, त्यांनाही हेच सांगणं : गाडी धावत असताना ते बटण वापरू नये. ते यंत्र गाडी कुठे गेली हे दाखवतं, तेवढ्यापुरतं उपयोगी आहे.

ज्यांची गाडी अलीकडची आहे त्यांनी आधी गाडीबरोबरचं पुस्तक उघडावं. त्यात इमोबिलायझर आहे असं लिहिलं असेल तर मुख्य काम कंपनीनंच केलं आहे. वर चोरघंटी बसवायची हौस असेल तर वायरी कापून, चिकटपट्टी गुंडाळून केलेलं काम नको. चार इंडिकेटरचे २१ वॅटचे दिवे एकदम लागले तर ७ अँपिअर वीज वाहते. ढिल्या जोडावर तेवढी वीज म्हणजे चटका, आणि चटक्यावरून आग. बॅटरीजवळ फ्यूज असलाच पाहिजे. वायर कापल्यास कंपनीची वॉरंटी जाऊ शकते, हे कारागीर सांगत नाही.

ट्रॅक्टरची कथा तर निराळीच. जुन्या ट्रॅक्टरची किल्ली त्याच कंपनीच्या दुसऱ्या ट्रॅक्टरला सर्रास लागते, हे आपल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. शेतात अडल्या वेळी आपण ती सोय म्हणून वापरतोही. दहा लाखांची वस्तू आणि कुलूप असं! तिथं बॅटरीचा कट-आउट काढून घरी नेणं आणि रात्री ट्रॉली आडवी लावणं, एवढंच आपल्या हाती आहे.

विम्याबद्दल दोन शब्द. चोरीची भरपाई हवी तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा असला पाहिजे, थर्ड पार्टी पुरत नाही. २००२ च्या मोटार विमा दरपत्रकात पुण्याच्या एआरएआय संस्थेने मान्य केलेलं चोरी-प्रतिबंधक यंत्र बसवल्यास अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये सवलत ठेवलेली होती. आज आपली कंपनी काय देते ते एजंटाला विचारावं, आणि यंत्र घेताना ती मान्यता आहे का ते पाहावं. गाडी गेलीच तर ११२ ला फोन आणि लगेच पोलीस ठाण्यात फिर्याद, मग विमा कंपनीला कळवणं. कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. दुसरी किल्ली कुठे आहे ते आजच घरात बघून ठेवा. आम्ही बघितली, तर ती शिलाई मशीनच्या खणात सापडली.

आता यार्डातल्या बंदोबस्ताविषयी. त्या रात्री पहारेकऱ्याजवळ जीपमालकाचा फोन क्रमांक नव्हता. मालक दोनशे पावलांवर झोपले होते आणि तिन्ही वेळा त्यांना कोणी उठवलं नाही. आता सुरक्षा विभागाने काट्याजवळच्या चौकीत वही ठेवली आहे. मुक्कामाची गाडी लावताना तीत गाडीचा क्रमांक, मालकाचं नाव, मोबाईल आणि झोपण्याची जागा लिहावी. भोंगा कितव्यांदाही झाला तरी पहारेकरी फोन करील. मालकाने किल्ली घेऊन यावे आणि खोटा भोंगा निघाल्यास सेन्सरचा स्क्रू तिथल्या तिथे सैल करून घ्यावा. पाना वाहन विभागात रात्रपाळीला मिळेल.